इंदूबाईला न चालणारी सुई

माझा मोबाईल नंबर मी बदलणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून झालं आहे. आमच्या हिंगणघाटच्या घरात मागच्या खोलीत या कंपनीची रेंजच येत नाही. फोन वाजला की मी हातातलं लाटणं टाकून अंगणात पळते. सून म्हणते, "आई, दुसरं कार्ड घ्या ना, घरी आणून देतात आता." मी म्हणते, घेईन, पण हे बंद करणार नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते म्हणे, पण त्यात थोडा वेळ फोन बंद राहतो, तोही मला नको. का, ते तिला ठाऊक आहे, तरी महिन्यातून एकदा ती विचारतेच. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

मी नगराळे सिस्टर. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, त्यातली शेवटची बारा वर्षं आपल्याच जिल्ह्यातल्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर म्हणून काढली. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत एक चूक आहे आणि ती माझी आहे. अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं की रुग्णसेवेच्या व्रताबद्दल काहीतरी लिहा. व्रत मी कधी केलं नाही. मी नोकरी केली, आणि ती मला भयंकर आवडली. आजही रस्त्यानं रुग्णवाहिका गेली की माझे पाय आपोआप तिच्या दिशेनं वळतात.

माझ्या दोन सवयींची दवाखान्यात फार थट्टा व्हायची. पहिली सवय चिकटपट्टीची. गडबडीच्या केसमध्ये कागद शोधायला वेळ नसतो, म्हणून मी ड्रेसिंगच्या पांढऱ्या पट्टीचा वीतभर तुकडा फाडून एप्रनवर चिकटवायची आणि त्यावर वेळा लिहायची. किती वाजता सुई दिली, किती वाजता बीपी पाहिलं, सगळं त्या पट्टीवर. धांदल संपली की रजिस्टरमध्ये उतरवायचं. ज्या केसमध्ये काही विचित्र घडलं, तिची पट्टी मी फेकत नसे. औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायची. वॉर्डबॉय, आमचे मामा लोक, म्हणायचे, सिस्टरनं कपाटाला पलस्तर केलं.

दुसरी सवय 'कृ. मा. पा.'ची. कृपया मागे पाहावे. कागदाच्या मागच्या बाजूला काहीही लिहिलं असलं तर पुढच्या बाजूला खाली ही तीन अक्षरं मी लिहायचीच. लोक कागद उलटून पाहत नाहीत. मागे लिहिलेली औषधं न देता रुग्ण घरी पाठवलेले मी पाहिले आहेत. माझ्या रजेच्या अर्जावरसुद्धा कृ. मा. पा. असायचं, आणि मागे रजेचं खरं कारण.

आता धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. स्टेरॉइड म्हटलं की लोकांना व्यायामशाळेतले फुगलेले दंड आठवतात. ते वेगळं. आमच्याकडे स्टेरॉइड म्हणजे शरीरातली सूज, खाज, दम, भडका शांत करणारं औषध. कुणाला इंजेक्शनची रिॲक्शन आली, मधमाशी चावली, दम्यानं छाती आवळली, की आम्ही पहिला हात घालतो तो हायड्रोकॉर्टिसोनला. आमच्या तोंडात ते 'हायड्रोकॉर्ट'. लहान कुपीत पांढरी भुकटी असते, त्यात पाणी घालून हलवायची आणि शिरेतून द्यायची. आमच्या वॉर्डात एक स्टीलचं ताट कायम तयार असायचं, त्याला आम्ही रिॲक्शनचं ताट म्हणायचो. त्यात हायड्रोकॉर्ट सगळ्यात पुढे. नवीन आलेल्या पोरींना मी पहिल्या दिवशी शिकवायची की काही सुचलं नाही तर ताट उचल आणि पळ.

त्या ताटावर माझा इतका भरवसा होता, की त्यातल्याच औषधाची रिॲक्शन येऊ शकते हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याचीच नाडी पाहिली असती.

पहिली शंका माझ्या डोक्यात घातली ती हिंगणीच्या एका गुरुजींनी. निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या गावात मुलीकडे राहायला आले होते. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटायची, म्हणून कुणीतरी त्यांना स्टेरॉइडचं मलम दिलं होतं. गुरुजी शिस्तीचे. दिवसातून तीन वेळा, वेळ पाहून मलम लावायचे आणि वहीत नोंद करायचे. चट्टा वाढत गेला, तसं मलमही वाढत गेलं. मनगटावरून कोपरापर्यंत पोचला, तेव्हा आम्ही त्यांना वर्ध्याला कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या औषधांचे ठिपके लावून दोन दिवस पट्ट्या ठेवल्या. सगळे ठिपके गप्प राहिले, भडकला तो मलमाचा.

गुरुजी भर ओपीडीत सदरा वर करून पाठ दाखवत उभे राहिले. "पाहा सिस्टर, कुंपणानंच शेत खाल्लं," असं म्हणाले आणि पास झालेल्या पोरासारखे हसले. मलम बंद केलं आणि पंधरा दिवसांत हात स्वच्छ झाला. मी हसले आणि विसरले. मलमाचं असेल तसं, सुईचं कसं होईल?

आता इंदूबाई.

इंदूबाई जिनिंगमध्ये रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी उभं राहून कापूस लोटायचा, तर केसात, नाकात, पापण्यांवर कापसाचा भुसा बसतो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की तिचा दम सुरू व्हायचा, तो होळीपर्यंत. चाळिशी ओलांडलेली, काटकीसारखी बारीक, पण आवाज असा की ओपीडीच्या फाटकातून आली तरी आतल्या खोलीत कळायचं. तिची जाऊ, शेवंता, कायम सोबत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं इंदूबाई स्वतः सुई मागायची. "सिस्टर, ते जादूची सुई द्या मले, उद्या पाळीवर जायचं हाय." द्यायचो, आणि ती खरंच दुसऱ्या दिवशी पाळीवर जायची.

मग एका हिवाळ्यात ती सकाळी दहा-अकराच्या सुमारास आली, ती शेवंताच्या खांद्यावर टेकून. ओठ काळपट पडले होते, छातीतून शिट्टी वाजत होती. मी वाफेचं यंत्र लावलं आणि ताटातली कुपी उचलली. तिनं मुखवटा बाजूला केला.

"सिस्टर, वाफ द्या. सुई नका देऊ."

"काऊन?"

"ते सुई बिघडली. त्यानं दम वाढते. अंगातून मुंग्या फिरते."

"सुई काय दूध आहे बिघडायला? मुखवटा लावा."

"मांगच्या बारीबी असंच झालं सिस्टर. म्या तवाबी सांगतलं होतं."

बाहेर ओपीडीची रांग होती, एक बाळंतीण आत होती, आणि ही बाई मला औषध शिकवत होती. मी म्हटलं, "इंदूबाई, डॉक्टर तुमी का मी?"

मी डॉक्टर नव्हतेच, पण तेव्हा ते लक्षात कुणाला होतं? तिनं हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी शिर शोधली आणि औषध दिलं. पट्टीवर लिहिलं, अकरा दहा.

अकरा चौदाला तिचा गळा लाल झाला. मग पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या. शिट्टी वाजत होती ती बंद झाली, आणि दम्यात शिट्टी अचानक बंद होणं हे चांगलं लक्षण नसतं, आत हवा जात नाही असा त्याचा अर्थ. आमचे वैद्यकीय अधिकारी डॉ. क्षीरसागर धावत आले. सांगलीकडचे, तिशीतले, हुशार आणि थोडे हट्टी. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, "अटॅक वाढतोय. हायड्रोकॉर्ट रिपीट करा." मी दुसरी कुपी फोडली, हलवली, दिली. अकरा वीस. अकरा बावीसला बीपी लागेना. शेवंता दाराशी उभी राहून देवाचं नाव घेत होती. तेव्हा क्षीरसागरांनी ॲड्रिनलिन, कोसळलेलं बीपी आणि श्वास परत आणणारं औषध, मागितलं आणि तिच्या मांडीत दिलं. पाच-सात मिनिटांत नाडी हाताला लागली. इंदूबाईनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही.

आणि बाहेर येऊन मी शेवंताला काय सांगितलं असेल? "दुसऱ्या डोसनं वाचली."

दुपारी दोन वाजता ड्यूटी संपली. एप्रनवरची पट्टी काढली, रजिस्टर भरलं आणि पट्टी कपाटाच्या दाराला लावायला गेले. चिकटवायला जागा शोधता शोधता एका जुन्या पट्टीवर 'इंदू' दिसलं. माझंच अक्षर, मागच्या हिवाळ्यातलं. हायड्रोकॉर्ट नऊ चाळीस. खाज, लाली नऊ चव्वेचाळीस. मी खाली वाकले. तिसरी पट्टी, त्याही आधीची. हायड्रोकॉर्ट बारा पाच. 'बाई घाबरली, अंग खाजवते' बारा नऊ.

मी त्या दारापाशी जमिनीवरच बसले. तीन पट्ट्या, तीन वेगळ्या तारखा, आणि दर वेळी चारच मिनिटं. केसपेपरवर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथं सगळं धांदल संपल्यावर लिहिलं जातं, 'दमा वाढला, औषध दिलं, बरं वाटलं' अशा शहाण्या क्रमानं. खरा क्रम माझ्या पट्ट्यांवर होता. आधी औषध, मग दम. बाई तीन हिवाळे सांगत होती आणि मी तिला वाफेचा मुखवटा लावून गप्प करत होते. मला गुरुजींची उघडी पाठ आठवली. खरं सांगते, मला लाज वाटत होती तसाच आनंदही होत होता. काहीतरी सापडलं होतं. एकतीस वर्षांत तसा क्षण माझ्या वाट्याला दुसरा आला नाही.

मी तशीच पळत क्षीरसागरांच्या खोलीत गेले. ते डबा खात होते.

"सर, इंदूबाईला हायड्रोकॉर्टची ॲलर्जी आहे."

त्यांनी घास खाली ठेवला आणि हसले. "सिस्टर, ॲलर्जी झाली की आपण काय देतो?"

"हायड्रोकॉर्ट."

"मग?"

"सर, कुंपणच शेत खाऊन राहिलं आहे." मी गुरुजींची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ते कातडीचं, शिरेतलं वेगळं. दमा आपला आपण वाढतो, सुई मध्ये आली म्हणून सुईला फाशी देऊ नका. वरण गार होत होतं, त्यांनी जेवण पुढे चालू केलं. मी बाहेर आले, तिन्ही पट्ट्या दारावरून अलगद सोडवल्या, एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक चिकटवल्या आणि कागदाची घडी एप्रनच्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून तो कागद माझ्या खिशात असायचा.

तीन आठवडे इंदूबाई आली नाही. मला वाटलं बरी असेल. ती बरी नव्हती. ती आम्हाला भिऊन घरीच बसली होती, उशीला टेकून, बसल्या बसल्या झोपत. शेवटी शेवंतानं ऑटोत घालून आणलं तेव्हा तिच्या मानेचे खड्डे दर श्वासाला आत जात होते. मला पाहिलं आणि तिनं ऑटोचा दांडा घट्ट धरला. एका सिस्टरला पाहून रुग्ण उतरायला तयार नाही, याहून मोठी शिक्षा आमच्या नोकरीत नाही.

मी तिच्या कानाशी गेले. "इंदूबाई, ते सुई मी तुमाले देणार नाई. माझ्या पोराची आन."

ती उतरली.

आत वाफ लावली, ऑक्सिजन लावला. क्षीरसागर आले, छाती ऐकली. "हायड्रोकॉर्ट."

मी ताटातली कुपी उचलली आणि मुठीत धरली. "नाही सर."

"काय नाही?"

"मी देणार नाही."

ओपीडीतले लोक दारात गोळा झाले होते. क्षीरसागरांचा चेहरा लाल झाला. ते वाईट माणूस नव्हते, पण चारचौघांत नर्सनं नाही म्हणावं हे कुठल्या डॉक्टरला रुचेल? ते म्हणाले, "सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?"

माझंच वाक्य होतं ते. इंदूबाईनं मुखवट्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, तिलाही ते ओळखू आलं होतं.

"डॉक्टर तुम्हीच सर. पण हे वाचा, आणि मग सांगाल ते करते. लेखी द्या, करते." मी खिशातला कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचला. वाफेचं यंत्र घरघरत होतं. माझी नोकरी, त्यांचा मान आणि त्या बाईचा श्वास, तिन्ही त्या घरघरीवर चालली होती. स्टेरॉइड न देणं हीसुद्धा जोखीमच होती, हे मला माहीत होतं. माझं चुकलं असतं तर इंदूबाई माझ्यामुळे गेली असती. माझ्या मुठीत कुपी घामानं ओली झाली होती.

क्षीरसागर वळले. "ती बाजूला ठेवा. वाफ थांबवू नका. ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवा, आणि रुग्णवाहिका काढायला सांगा. मी सोबत जातो." मग म्हणाले, "हा कागद मी नेतोय."

जिल्ह्यातल्या मोठ्या मेडिकल कॉलेजात त्यांनी तिला दाखल केलं. दम आटोक्यात आला. काही आठवड्यांनी तिला तपासणीला परत बोलावलं, आणि क्षीरसागर रजा टाकून पुन्हा तिच्यासोबत गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टर बाईंनी तिच्या हातावर सुईच्या टोकानं वेगवेगळ्या औषधांचे बारीक ठिपके केले. मी वॉर्डात चादरी मोजत होते तेव्हा फोन वाजला.

"सिस्टर, उठली."

"कोण उठली?"

"गांध. हायड्रोकॉर्टच्या ठिपक्यावर. टम्म उठली आहे." त्यांचा आवाज लॉटरी लागल्यासारखा होता. "आणि त्या दुसऱ्या स्टेरॉइडच्या, डेक्साच्या जागी काहीच नाही, सपाट."

मी चादरी तशाच टाकल्या आणि वॉर्डभर सांगत फिरले. बाळंतिणींना काही कळलं नाही, पण मी इतकी हसत होते की त्याही हसल्या.

त्या मोठ्या बाईंनी समजावलं ते क्षीरसागरांनी मला सांगितलं, आणि मी माझ्या भाषेत तुम्हाला सांगते. हायड्रोकॉर्ट पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून कारखान्यात त्याला एक शेपूट जोडतात. इंदूबाईचं शरीर त्या शेपटावर भडकत होतं. इतकी वर्षं सुया घेता घेता शरीरानं ते शेपूट ओळखून ठेवलं होतं. डेक्सामेथासोन हेही स्टेरॉइडच, पण त्याचं शेपूट वेगळं, म्हणून ते तिला चालतं. पुढे तिथेच, सगळी तयारी ठेवून, तिला ते देऊनही पाहिलं. काही झालं नाही.

इथे थोडं रागावून सांगते. हे वाचून कुणी आपलं स्टेरॉइड बंद करू नका. ही भानगड फार क्वचित होते, आणि या औषधानं वाचवलेले लोक मी मोजले नाहीत इतके आहेत. मी सांगते आहे ते वेगळंच. औषध दिल्यावर माणूस बिघडला, तर औषध वाढवायच्या आधी घड्याळ पाहा. आणि रुग्ण म्हणत असेल की हे मला चालत नाही, तर त्याला गप्प करू नका. मला आजही वाटतं, माझ्या पट्ट्यांच्या आधीच्या वर्षांत असा कुणी गेला असेल का, ज्याला मी दुसरी कुपी फोडून दिली? कळायला मार्ग नाही. ती बोच जात नाही.

क्षीरसागरांनी त्यानंतर रिॲक्शनच्या ताटात ॲड्रिनलिन सगळ्यात पुढे ठेवायला सांगितलं. खरं म्हणजे ते आधीपासून तिथेच असायला हवं होतं. त्यानं हृदयाची धडधड वाढते, म्हणून आम्ही सगळे त्याला भ्यायचो आणि ते मागे राहायचं.

आता प्रश्न होता तो इंदूबाईला बाहेर सांभाळायचा. आमच्या दवाखान्यात तिला सगळे ओळखत होते, पण दम काही गाव पाहून येत नाही. आणि दम्याचा रुग्ण दिसला की कुठल्याही दवाखान्यात पहिल्यांदा तीच कुपी फुटणार. मी तिला कार्ड करून दिलं. ते लुगड्याबरोबर धुतलं गेलं. दुसरं प्लास्टिकमध्ये घालून दिलं, ते जिनिंगमध्ये पडलं आणि कापसाच्या ढिगात गेलं, कदाचित गाठीत बांधून कुठल्या परदेशात गेलं असेल. मी फार बोलले तिला. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "कार्ड हाय सिस्टर, पन म्या बेसुद पडली त माहा बटवा कोन पाहीन?"

माझ्या निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा ती पुन्हा आली. या वेळी दम नव्हता. नवं पातळ नेसली होती.

"सिस्टर, मले शेवटचं लिवून द्या. मोठ्या अक्षरात, कोनीबी वाचन असं. आन तुमचा नंबर टाका."

"माझा कशाला? मी चालले आता घरी."

"डॉक्टर लोक माहं ऐकत नाई. तुमचं ऐकते."

मी जाड कागदावर निळ्या स्केचपेननं लिहिलं. 'हिला हायड्रोकॉर्टिसोन देऊ नये. जिवाला धोका.' खाली नाव, नंबर, सही. उलट्या बाजूला काय चालतं ते. तिनं घडी केली, बटव्यात ठेवली.

"चालली आता गिरडले. जत्रा हाय."

मला वाटलं, गिरडच्या दर्ग्यावर कागद ठेवून दुवा मागणार असेल. लोक तिथं काय काय घेऊन जातात. मी म्हटलं, जा, पण कागद हरवू नका. ती हसली, त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पुढे मी निवृत्त झाले. तिचा कधी निरोप आला नाही. दिवाळीनंतर जिनिंगचे भोंगे वाजू लागले की आठवण यायची, एवढंच.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, मी मागच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत होते. फोन वाजला, तुटला. पुन्हा वाजला. मी शेंगांचं सूप बाजूला केलं आणि अंगणात पळाले.

"तुम्ही नगराळे सिस्टर का?" एका पोरीचा आवाज, धाप लागलेला.

"हो, कोण बोलतं?"

तिनं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. नवीनच लागलेली सिस्टर होती. "ताई, आमच्याकडे एक बाई आली आहे, लग्नाच्या गाडीतून. दमा आहे, बोलता येत नाही. सोबतच्या पाहुण्यांना काही माहीत नाही. मी हायड्रोकॉर्ट भरलं होतं. शिर पाहायला बांगड्या वर सरकवल्या, तर ताई, तिच्या हातावर तुमचा नंबर गोंदलेला आहे."

मला वाटलं रेंज नाही म्हणून चुकीचं ऐकू येतंय. "काय आहे हातावर?"

"गोंदण आहे, ताई. मनगटापासून कोपरापर्यंत. हिला हायड्रोकॉर्टिसोन देऊ नये, जिवाला धोका. मग नगराळे सिस्टर, मग नंबर, तुमची सही पण आहे. आणि सगळ्यात खाली कृ. मा. पा. लिहिलंय."

मी पेरूच्या झाडाला धरलं.

"म्हणून मी हात उलटवला," ती पोरगी म्हणाली. "आतल्या बाजूला लिहिलंय, डेक्सामेथासोन चालते. वाफ चालते. गांधी उठल्यास ॲड्रिनलिन मांडीत. ताई, आमचे सर म्हणतात असं नसतं. तुम्ही सांगा, असतं का?"

"असतं," मी म्हणाले. "फोन सरांच्या कानाला लाव. आणि भरलेली सुई आधी फेक, माझ्यासमोर फेक."

"फेकली, ताई."

सरांशी मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. चार मिनिटं, तीन पट्ट्या, शेपूट, सगळं एका दमात सांगितलं असावं, कारण शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली. सर ऐकत होते. मग ते म्हणाले, "ठीक आहे, डेक्सा देतोय. फोन ठेवू नका." मी ठेवला नाही. ऊन कलेपर्यंत मी त्या अंगणात एकाच जागी उभी होते, कारण दोन पावलं सरकले असते तर रेंज गेली असती. पलीकडून यंत्राची ती घरघर येत होती, ओळखीची. मधूनमधून ती पोरगी आकडे सांगत होती आणि मी, सवयच ती, शेजारच्या म्हातारीकडून मागून घेतलेल्या पेननं हातावरच्या तुरीच्या डागांवर वेळा लिहीत होते.

मग घरघर थांबली आणि खरखरीत, दमलेला, पण तोच आवाज आला. "सिस्टर."

"इंदूबाई." मी रडत होते आणि रागावलेही होते. "पूर्ण कागद गोंदवून घेतला? एवढं दुखून घ्यायचं? मला सांगायचं तरी."

"सांगतलं असतं त तुमी नाई म्हनल्या असत्या," ती म्हणाली. "कागद हरवते सिस्टर. हात कुठी जाते?"

ती दम घेत घेत पुढे म्हणाली, "गिरडच्या जत्रेतला गोंदनारा शिकेल नोता. त्यानं पाहून पाहून सारं उतरवलं. मले म्हने, बाई, हा कृमापा कोनता देव हाय? म्या म्हटलं, आमच्या सिस्टरचा हाय. गोंद."